कोजागिरीचं दूध करपलं, आईचं पातेलं काळं झालं. जळलेली भांडी तुम्ही कशी साफ करता?

प्राजक्ता_पुणे | रविवार, रात्री ११:५२

परवा कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध होतं आणि आठ लिटर दूध आटवायचं काम माझ्याकडे होतं. केशर खलायला बसले, तेवढ्यात दारावर कोणीतरी आलं, गॅस मोठाच राहिला. वास आला तेव्हा धावले. न ढवळता वरचं दूध अलगद दुसऱ्या पातेल्यात ओतून घेतलं, त्यामुळे बरंचसं वाचलं. पातेल्याच्या बुडाला मात्र जाड थर बसलाय. कडेला तपकिरी आहे आणि मधोमध अगदी कोळसा.

रात्री तासभर तारेच्या घासणीने घासलं. मनगट दुखायला लागलं, थर जागचा हलला नाही आणि जिथे स्टील मोकळं होतं तिथे ओरखडे मात्र उठले. मग थांबले.

पातेलं साधं स्टीलचं आहे, दहा लिटरचं, जाड बुडाचं. आईने माझ्या रुखवतात मांडलं होतं. काठावर तिचं नाव आणि तारीख घातलेली आहे. आई आता नाही. दुकानात असं पातेलं मिळेल हे मलाही कळतं, पण मला हेच पुन्हा वापरायचंय.

सकाळी भांड्याच्या मावशी म्हणाल्या, "राहू द्या ताई, मी बघते घासून." त्यांच्या बोटांना आधीच चिरा पडल्यात. मीच नको म्हटलं. घरात खायचा सोडा, व्हिनेगर, लिंबू, मीठ, चिंच एवढं आहे. कशाने सुरुवात करू?

निवांत | सोमवार, सकाळी ७:१०

एकदम सोपं आहे. तळाला सोडा पसरायचा, वरून व्हिनेगर ओतायचं. भरपूर फेस येतो. फेस बसला की घासायचं. मी नेहमी हेच करते.

वैदर्भी | सोमवार, सकाळी ८:३५

प्राजक्ता, तारेची घासणी आधी बाजूला ठेव. दुधाचा गंज (आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात) लागला की माझी सासू त्यात पाणी अन् दोन मोठे चमचे सोडा टाकून चुलीच्या निखाऱ्यावर रात्रभर ठेवायची. सकाळी पापुद्रे सुटून यायचे. मी गॅसवर उकळते आणि झाकून ठेवते.

पण याच सोड्याने माझी एक कढई खराब झाली. ॲल्युमिनियमची होती. मसालेभात लागला म्हणून सोडा घालून उकळलं. करपलेलं निघालं, पण आतून सगळी कढई काळी-राखाडी पडली. आता त्यात काही शिजवायला मन होत नाही. ते कशाने झालं, कोणाला माहीत असलं तर सांगा.

फळा_खडू | सोमवार, सकाळी १०:०५

मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. निवांत, तुमच्या पद्धतीबद्दल आधी बोलतो, कारण ही चूक सगळीकडे सांगितली जाते आणि लोकांचे कष्ट वाया जातात.

सोडा आम्लारी आहे आणि व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना संपवतात. उरतं काय, तर सोडियम ॲसिटेट नावाचा एक सौम्य क्षार, पाणी आणि हवेत उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड. फेस म्हणजे तो वायू. हिशोब मांडून बघा. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के ॲसेटिक आम्ल असतं. २०० मिली म्हणजे एक मोठी वाटी घेतली तर त्यात आम्ल ८ ते १० ग्रॅम. एवढ्याने ११ ते १४ ग्रॅम सोडा, म्हणजे चहाचे जवळजवळ तीन चमचे, पूर्ण निष्प्रभ होतो. तुमच्या पातेल्यात घासण्याआधी उरतं ते जवळपास खारट पाणी. थोडेसे सुटे कण बुडबुड्यांनी उचलले जातात, तेवढाच उपयोग.

दोन्ही चांगले आहेत, पण एकामागून एक वापरायचे. मध्ये पाण्याने खळखळून धुवायचं.

आता वैदर्भींच्या सासूबाईंची पद्धत. ती बरोबर का आहे हे सांगतो. खायचा सोडा गार पाण्यात अगदी सौम्य असतो, त्याचा सामू (pH, सातच्या वर जितका जास्त तितकं पाणी जास्त आम्लारी) साधारण ८.३. पण पाणी उकळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि हळूहळू धुण्याचा सोडा तयार होतो. त्याचा सामू ११ च्या आसपास जातो. म्हणून गार पाण्यात रात्रभर भिजवलेला सोडा जे करत नाही ते पंधरा-वीस मिनिटांची उकळी करते. करपलेलं प्रथिन आणि जळून चिकट झालेलं तूप-तेल अशा उष्ण आम्लारी पाण्यात फुगतं, सैल होतं.

आणि ॲल्युमिनियम काळं का पडतं तेही यातच आलं. ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा एक पातळ, कडक थर असतो, तोच त्याचं रक्षण करतो. आम्लारी पाणी हा थर विरघळवतं आणि खालच्या धातूवर चाल करतं. म्हणून ॲल्युमिनियमला सोडा उकळायचा नाही. वैदर्भी, तुमची कढई गेलेली नाही. तिच्यात पाणी भरून लिंबाएवढा चिंचेचा गोळा कोळून घाला आणि दहा-पंधरा मिनिटं उकळा. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तो काळेपणा काढतं. करून कळवा.

माडाखाली | सोमवार, दुपारी १:२०

मास्तरांना अनुमोदन. आमच्याकडे कोकणात सोलकढीला भिजवलेली आमसुलं पिळून झाली की टाकत नाहीत, मोरीत एका करवंटीत ठेवतात. तांब्या-पितळेचं भांडं त्याने चोळलं की लखलखीत. घासायला नारळाचं सोडण. घरात चूल होती तोवर राखुंडी होतीच. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे तीही सोड्याच्याच जातीची. तेलकट भांड्यावर ओली राख चोळली की तेलाशी मिळून थोडा साबणच होतो. आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण तेलकट भांड्याला राख आणि काळवंडलेल्या पितळेला आमसूल ही वाटणी तिने कधी चुकवली नाही.

अजून एक आठवलं. चुलीवर भांडं चढवायच्या आधी ती बाहेरून बुडाला राख कालवून पातळ लेप द्यायची. काजळी लेपावर बसायची आणि धुताना लेपासकट जायची. शेकोटीवर किंवा सहलीला स्वयंपाक करणाऱ्यांनी हे जरूर करावं, तासाभराचं घासणं वाचतं.

निवांत | सोमवार, दुपारी २:४५

फळा_खडू, तुमचं वाचून मी आज दोन वाट्यांवर करून पाहिलं. दोन्ही स्टीलच्या वाट्यांत थोडं दूध मुद्दाम जाळलं. एकीत माझी फेसाची पद्धत, दुसरीत सोडा घालून पंधरा मिनिटं उकळी. पहिलीला फेसानंतरही घासायला जोर लागला आणि तळाला तपकिरी डाग राहिला. दुसरीत लाकडी चमच्याने ढकललं तर थर पापडासारखा सुटला. मी इतकी वर्षं व्हिनेगर वाया घालवत होते. मनापासून आभार.

कृष्णाकाठ | सोमवार, सायंकाळी ६:३०

प्राजक्ताताई, मी दूध संघात काम केलेलं आहे. तुमचं भांडं दुधानेच जळलंय म्हणून लिहितो. भात जळणं, डाळ जळणं आणि दूध जळणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

डेअरीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात, पाश्चरायझेशन म्हणतात ते. तेवढ्यानेही तापलेल्या स्टीलच्या पत्र्यांवर रोज थर बसतो. त्या थरात दोन गोष्टी असतात. एक, दुधातल्या निवळीची, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातली प्रथिनं. ती साधारण ७० अंशांच्या पुढे उलगडतात आणि गरम धातूला चिकटतात. दुसरी, दुधातलं कॅल्शियम फॉस्फेट. गरम होईल तसं ते कमी विरघळतं आणि प्रथिनांच्या जाळ्यात अडकून बसतं. याला आम्ही मिल्कस्टोन म्हणायचो, दगडासारखंच घट्ट होतं.

म्हणून डेअरीची धुलाई ठरलेल्या क्रमाने होते. आधी पाणी. मग कॉस्टिक सोड्याचं, म्हणजे तीव्र आम्लारीचं गरम पाणी, ते प्रथिन आणि स्निग्धांश काढतं. मग परत पाणी. मग सौम्य नायट्रिक आम्ल, ते कॅल्शियमचा दगड विरघळवतं. शेवटी पाणी. हा क्रम आम्हाला पाठ असायचा. घरी कॉस्टिक किंवा नायट्रिक अजिबात आणू नका, त्याची गरजही नाही. कॉस्टिकच्या जागी उकळता सोडा, नायट्रिकच्या जागी व्हिनेगर किंवा लिंबू. क्रम तोच ठेवायचा.

तुमच्या भांड्यासाठी असं करा:

थर बुडेल इतकं पाणी आणि वर चार बोटं. दर लिटरला दोन मोठे चमचे खायचा सोडा. पातेलं अर्ध्याच्या वर भरू नका, सोडा घातलेलं पाणी उकळताना वर येतं. मंद आचेवर वीस मिनिटं. गॅस बंद करून तसंच रात्रभर. सकाळी लाकडी उलथन्याने किंवा काथ्याने सोडवा. चाकू, सराटा लावू नका. जे राहील त्यावर परत एक फेरी. कोळसा झालेला मधला भाग एका फेरीत जात नाही, त्याला दोन-तीन लागतात. घाई करून जोर लावला की स्टीलवर ओरखडे पडतात आणि पुढचं दूध त्याच ओरखड्यांत जास्त धरतं.

तपकिरी-काळं निघालं की खाली पांढरट, खरखरीत असं काहीतरी उरेल. तो तुमचा मिल्कस्टोन. मग पातेलं स्वच्छ धुवायचं आणि वाटीभर व्हिनेगर, चार वाट्या पाणी घालून दहा मिनिटं उकळायचं. व्हिनेगरचा वास नको असेल तर तीन-चार लिंबांचा रस चालेल.

प्राजक्ता_पुणे | सोमवार, रात्री ९:१५

कृष्णाकाठ दादा, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. आत्ताच पहिली उकळी दिली. पाणी चहासारखं झालंय. रात्रभर ठेवते.

अनघड | सोमवार, रात्री १०:००

धाग्यात मध्येच घुसतोय. मी पहिल्यांदाच एकटा राहतोय, कुकर लावून झोपलो आणि डाळ पूर्ण जळाली, पाणी संपून कुकर कोरडा तापत राहिला. शिट्टीच्या शेजारून काहीतरी वितळल्यासारखं झालं आणि वाफ आली. आतला डबा स्टीलचा आणि कुकर ॲल्युमिनियमचा आहे. वरच्या पद्धतीने कुकरमध्येच सोडा उकळू का?

वैदर्भी | सोमवार, रात्री १०:२०

नको रे बाबा, ॲल्युमिनियमच्या कुकरात सोडा नको. माझी कढई विसरलास का? डबा बाहेर काढ आणि तो वेगळ्या स्टीलच्या पातेल्यात ठेवून उकळ.

फळा_खडू | सोमवार, रात्री १०:४८

अनघड, डाग नंतर बघू. आधी तुमच्या जिवाचं बोलतो.

झाकणावर जे वितळलं तो सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यात कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा तुकडा असतो. कुकर कोरडा पडला आणि मर्यादेबाहेर तापला की तो वितळून वाट मोकळी करतो. त्याने त्याचं काम केलं. आता तो परत वापरता येत नाही. त्या जागी काहीही कोंबून कुकर लावू नका. कुकरच्या कंपनीचाच त्या मापाचा नवीन व्हॉल्व्ह बसवा. रबरी रिंगही बदला, कोरड्या उष्णतेने ती कडक होते. शिट्टी ज्या नळीवर बसते ती नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघा, जळकी डाळ तिथे अडकलेली असू शकते. कुकरचं बूड फुगलं असेल किंवा झाकण नीट बसत नसेल तर तो कुकर मोडीत द्या.

आणि कधीही असा कोरडा तापलेला कुकर किंवा तवा लगेच नळाखाली धरू नका. अचानक गार पाण्याने बूड वाकतं, आणि वाफ हातावर येते ती वेगळीच. आपोआप निवू द्या.

आता डाग. कुकरच्या आत पाणी आणि चिंच किंवा लिंबाच्या पिळलेल्या फोडी घालून झाकण न लावता उकळा, मग लाकडी चमचा आणि मऊ घासणी. रोज डब्याखाली जे पाणी घालता त्यात लिंबाची एक फोड टाकत जा, कुकर आतून काळा पडत नाही. कितीतरी घरांत आया हे करतात आणि मुलांना त्याचं कारण कधी कोणी सांगत नाही.

अनघड | सोमवार, रात्री ११:०२

व्हॉल्व्हचं मला अजिबात माहीत नव्हतं. उद्या तोच कुकर तसाच लावणार होतो. सर, तुम्ही वेळेवर सांगितलंत.

पितळी_डबा | मंगळवार, सकाळी ९:४०

तांब्या-पितळेबद्दल माडाखाली यांनी लिहिलंय, त्यात एक भर घालते. बाहेरून आमसूल, चिंच, लिंबू-मीठ हवं तेवढं चोळा, पण लगेच धुऊन पुसा, नाहीतर हिरवट डाग उठतात. आतून मात्र नाही. आत कल्हई असते, म्हणजे कथिलाचा पातळ मुलामा. आंबटाने आणि खरखरीत घासणीने तो झिजतो आणि उघड्या पितळेत आमटी केली तर ती कळकते.

कथील २३२ अंशांनाच वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं कोरडं गॅसवर राहिलं की आतला मुलामा ओघळून गोळे होतो. अशा भांड्याला घरगुती उपाय नाही. गरम पाण्यात भिजवून जेवढं सुटेल तेवढं सोडवायचं आणि परत कल्हई करायला द्यायचं. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर निघतो, मग कथिलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने चट्कन पसरवतो. आमच्या गल्लीत तो आता वर्षातून एकदाच येतो. तो आला की मी शेजारपाजारच्यांना फोन करते आणि सगळ्यांची भांडी गोळा करते. त्याला एका ठिकाणी पुरेसं काम मिळालं तरच तो पुढच्या वर्षी येईल ना.

दूरदेशी | मंगळवार, सकाळी ११:३०

अटलांटाहून. इथे माझ्याकडे सपाट काचेची इलेक्ट्रिक शेगडी आहे. बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते, आणि दूध उतू जाणं किंवा लागणं त्यामुळेच होतं. मी आता दूध वर यायच्या आधीच पातेलं सरळ दुसऱ्या बाजूला उचलून ठेवते. स्टीलच्या डागांना इथे बार कीपर्स फ्रेंड नावाची पावडर मिळते, त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं. उपयोग होतो, पण हातमोजे घालून आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन. नॉनस्टिकला लावू नका.

नॉनस्टिकचं कोणी लिहिलं नाही म्हणून सांगते. गरम पाणी, थोडा सोडा, भिजवणं, मऊ स्पंज. बस. थर निघत नसेल आणि खालचा लेप उचकटत असेल तर तो तवा टाकून द्या. रिकामा नॉनस्टिक तवा मोठ्या आचेवर विसरलात तर २६० अंशांच्या पुढे तो लेप बिघडायला लागतो आणि त्याच्या धुराने पिंजऱ्यातले पक्षी मरतात, इतका तो वाईट.

माडाखाली | मंगळवार, दुपारी १२:१५

बिडाच्या तव्याचं पण लिहून ठेवते, कारण लोक हौसेने तवा घेतात आणि पहिलं घावन चिकटलं की सोडा-व्हिनेगर घेऊन मागे लागतात. बिडावर आणि लोखंडी कढईवर जो काळा गुळगुळीत थर असतो तो मळ नाही. पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलाचा बनलेला तो मुलामा आहे. तोच घावन सुटायला मदत करतो. त्यावर आंबट उकळलंत तर तो जातो आणि तवा गंजतो.

करपलं तर तव्यात थोडं साधं पाणी उकळा, लाकडी उलथन्याने सोडवा. राहिलं तर खडेमीठ आणि ओल्या फडक्याने चोळा. लगेच पुसून गॅसवर कोरडा करा आणि गरम असतानाच तेलाचा हात फिरवा. आमच्याकडे अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवतात. देठाकडची बाजू काट्याला टोचून धरली की हाताला चटका बसत नाही.

प्राजक्ता_पुणे | मंगळवार, दुपारी ४:३०

पहिल्या फेरीचं सांगते. सकाळी पाणी ओतलं तर कडेचा तपकिरी थर पूर्ण सुटला होता, साय उचलावी तसा उचलला गेला. मधला कोळसा अजून आहे, पण कडा उचलल्या गेल्यात. दुसरी उकळी आत्ता लावते.

मावशींनी पाहिलं आणि विचारलं काय घातलं. त्यांना सोड्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, चार घरी रात्रीची करपलेली भांडी कोरडीच मोरीत टाकून ठेवतात, सकाळपर्यंत ती दगड होतात आणि घासायची त्यांनी. वाईट वाटलं ऐकून. आमच्याकडेही कधीकधी हेच व्हायचं.

पितळी_डबा | मंगळवार, सायंकाळी ५:०५

हे सगळ्यांनी वाचावं असं आहे. रात्री भांड्यात पाणी आणि चिमूटभर सोडा घालायला अर्धं मिनिट लागतं. ज्याच्या हातून करपलं त्यानेच भिजत घालावं. आणि मावशींना साफसफाईच्या तेजाब असलेल्या बाटल्या भांड्यांसाठी देऊ नका. माझ्याकडे पूर्वी येणाऱ्या बाईंना एका घरी संडास धुवायचं ॲसिड दिलं होतं पातेली घासायला. त्यांच्या हाताची साल निघाली होती.

फळा_खडू | मंगळवार, सायंकाळी ५:४०

शंभर टक्के. आणि त्याला जोडून एक सूचना. कपड्यांचं ब्लीच आणि कोणतंही आम्ल, मग ते संडासचं असो की व्हिनेगर, एकत्र करू नका. क्लोरीन वायू निघतो, छोट्या मोरीत तो जिवावर बेतू शकतो. स्टीलच्या भांड्याला ब्लीच तर एरवीही लावू नका. त्यातल्या क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात. गार पाण्यात मीठ घालून पातेलं तसंच ठेवलं तरी तेच होतं. मीठ पाणी उकळल्यावर घालावं आणि ढवळावं.

दूरदेशी | मंगळवार, रात्री ८:१५

भात आणि साखरेच्या पाकाबद्दल मास्तर काही सांगतील का? पाक जळला की मी घाबरून पातेलंच टाकून देते.

फळा_खडू | मंगळवार, रात्री ८:५०

पाक सगळ्यात सोपा. साखर पाण्यात विरघळते, कडक झालेला पाकही विरघळतो. फक्त गरम पाणी भरा आणि ठेवा, सोडासुद्धा नको. अगदी कोळसा झाला असेल तेवढाच भाग सोड्यात उकळा. भाताला आधी नुसतं पाणी, तासभर. पिष्ट फुगतं आणि सुटतं. त्याला लगेच तार लावली तर ते सगळीकडे चोपडलं जातं. जुनं जळकं तेल, जे कढईच्या बाहेर कानांजवळ लाखेसारखं बसतं, ते सगळ्यात चिवट. त्याला सोड्याचा घट्ट लेप, तीन भाग सोडा एक भाग पाणी, लावून रात्रभर ठेवायचा. अर्थात स्टीललाच.

प्राजक्ता_पुणे | बुधवार, सकाळी ११:२०

तिसऱ्या फेरीनंतर कोळसा गेला! कृष्णाकाठ दादा म्हणाले तसाच खाली पांढरट, खरखरीत थर होता. पातेलं तीनदा धुतलं आणि मग व्हिनेगरचं पाणी उकळलं. पांढरा थर माझ्या डोळ्यांसमोर बारीक बुडबुडे सोडत विरघळला. आता तळाला फक्त निळसर-सोनेरी झाक आहे, पाण्यावर तेल तरंगावं तशी. ती जाईल का?

फळा_खडू | बुधवार, सकाळी ११:४५

अभिनंदन. ती झाक मळ नाही. जास्त तापल्यामुळे स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर जाड झालाय, त्यामुळे प्रकाशाचे रंग दिसतात. अन्नाला काही अपाय नाही. लिंबाची फोड चोळलीत तर बरीचशी उतरेल.

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी १:१०

छान झालं ताई. पुढच्या कोजागिरीसाठी सांगतो. दूध ओतायच्या आधी पातेलं गार पाण्याने विसळा आणि पुसू नका, तसंच ओलं असताना दूध ओता. बुडाशी पाण्याचा पातळ पदर राहिला की दूध तापेपर्यंत प्रथिनं धातूला लगेच धरत नाहीत. तळाशी एक छोटी बशी उपडी ठेवा, दूध उकळायला लागलं की ती खुळखुळते आणि ढवळायचं राहून जात नाही. स्टीलमधून उष्णता ॲल्युमिनियमच्या मानाने फार हळू पसरते, दहा पटींहून जास्त फरक आहे. म्हणून ज्वाळेच्या बरोबर वर जी जागा असते तीच करपते. जाड बूड असलं तरी आच मंदच ठेवा. घाई असेल तर दोन पातेल्यांत वाटून आटवा.

प्राजक्ता_पुणे | बुधवार, रात्री १०:३०

लिंबाने झाक उतरली. जुन्या टूथब्रशवर सोड्याचा लेप घेऊन काठावरचं नाव घासलं. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या अक्षरांत वर्षानुवर्षांचं तेल बसलेलं होतं. नावाखालची तारीख आज पहिल्यांदा नीट वाचता आली. माझ्या लग्नाच्या दीड वर्ष आधीची आहे. तेव्हा लग्न ठरलंही नव्हतं. आईने कधी सांगितलं नाही.

संध्याकाळी विसळून, ओलं ठेवून, दोन लिटर दूध तापवलं. काहीही लागलं नाही. तारेच्या ओरखड्यांजवळ जरा साय धरली, तेवढीच.

अनघड | गुरुवार, सकाळी ७:५०

नवीन व्हॉल्व्ह आणि रिंग बसवली. दुकानदाराने जुना व्हॉल्व्ह हातात घेऊन वितळलेली जागा दाखवली. डबा दोन उकळ्यांत साफ झाला.

वैदर्भी | गुरुवार, सकाळी ९:०५

मास्तर, चिंचेचं केलं. दहा मिनिटांत पाणी काळपट झालं अन् कढई आतून पुन्हा पांढरी. पूर्वीसारखी चकाकत नाही, थोडी मंद आहे, पण काळेपणा गेला. आज तिच्यात झुणका केला. धाग्याची वाचनखूण साठवली आहे, सासूबाईंना वाचून दाखवणार आहे.